मुठीतले हुलगे

सहादेव घरातून निघाला की त्याच्या मागं कोंबड्या निघायच्या. आधी घरच्या दोन, मग शेजारची लंगडी तलंग, मग वेशीपर्यंत अख्ख्या आळीचं खटलं. त्याच्या बंडीच्या उजव्या खिशात कायम मूठभर हुलगे असत. पुढ्यात जनावर आलं, मग तो बैल असो, शेळी असो की कुणाचं खरजुलं गाढव, सहादेव आधी खिशात हात घालणार, हुलगे काढणार आणि मगच हात पुढं करणार. रिकामा हात त्यानं जनावरापुढं कधी केला नाही. दुष्काळाच्या साली घरात कण्या शिजत होत्या तरी खिशात हुलगे होतेच. त्याच्या बायकोनं, केशरबाईनं, तेव्हा रागानं तो खिसाच शिवून टाकला. त्यानं डाव्या बाजूला दुसरा लावून घेतला.

पिंपळमाळ हे खर्ड्याच्या अलीकडं दीड कोसावरचं गाव. जमीन मुरमाड, पाऊस लहरी. ज्वारी आली तर आली, नाही तर घरटी एक पोरगा पलटणीत. चावडीच्या उगवतीच्या भिंतीत सरकारनं एक दगड बसवला होता. चौदा सालच्या लढाईत या गावातून बावीस असामी गेले, पैकी पाच मेले, असं त्यावर कोरलेलं. थंडीच्या दिवसांत सकाळचं ऊन पहिल्यांदा त्याच भिंतीवर पडायचं, म्हणून जुने शिपाई तिथं पाठ शेकत बसायचे. गाव तिला पलटणीची भिंत म्हणायचं.

मानाची जागा, म्हणजे बरोबर दगडाखाली, पुंजाराम हवालदाराची. त्याचा आजा काबूलला गेलेला, बाप चीनला आणि तो स्वतः मिसर देशाला. तीन पिढ्यांच्या लढाया तो एका दमात सांगायचा, आणि सांगता सांगता आजाची लढाईसुद्धा स्वतःच लढायचा. मिशा अशा, की बोलताना शब्द गाळून बाहेर यावेत. त्याच्या शेजारी रंगनाथ न्हावी. हा त्याच पलटणीत हजाम होता. पुंजाराम म्हणायचा, "म्या इतकी मुंडकी उडवली," की रंगनाथ म्हणायचा, "म्या तितकी भादरली, हवालदार. माजी मोजल्याली हायेत."

सेहेचाळीस साली दुसऱ्या लढाईवरची पोरं सुटून आली आणि भिंत पुरेनाशी झाली. छगन इटलीहून आला, तिरपी टोपी घालून, सिगारेट ओढत, चार शब्द इटालियन बोलत, जे खरे की खोटे हे कुणालाच कळायचा मार्ग नव्हता. आणि दिवाळीच्या आधी चार दिवस सहादेवचा गोरक्ष आला, ब्रह्मदेशातून. बापासारखाच तोही खेचरांच्या कंपनीत होता.

सहादेव भिंतीच्या टोकाला बसायचा, कोंबड्यांना सोयीचं म्हणून. पलटणीत खेचर हाकणाऱ्याला ड्राबी म्हणत, आणि गावानं ते नाव त्याला कायमचं चिकटवलं होतं. तो बसऱ्याकडं गेलेला. तिथं कुत नावाच्या गावात तुर्कांनी अख्खी फौज पाच महिने कोंडली आणि शेवटी धरून नेली. तुर्कांच्या देशात रेल्वेची माती वाहून सहादेव एकोणीस सालच्या सुगीत घरी आला, तेव्हा केशरबाईनं दारातल्या त्या माणसाला आधी भाकरीचा तुकडा आणून दिला होता. भिकारी समजून. त्यानं तो उभ्या उभ्या खाल्ला, आणि मग कोण ते सांगितलं.

भिंतीवर तो खेचरांचं सांगायचा. खेचर पाणी कसं हुंगतं, लाथ झाडायच्या आधी कोणता कान पाडतं, चिमणी नावाचं त्याचं खेचर तोफेच्या आवाजाला कसं शेपूट हलवायचं. पोरं पोट धरून हसायची. गोष्ट वेढ्यापर्यंत यायची आणि मग सहादेव उठायचा, कोंबड्यांना हुलगे टाकायला लागायचा. "मग पुढं?" असं कुणी म्हणायचं नाही. भिंतीचा कायदाच तसा होता. सांगितलं ते ऐकायचं, न सांगितलेलं विचारायचं नाही.

घरातही एक गोष्ट अशीच न विचारलेली राहिली होती.

घराचं दैवत खंडोबा. मार्गशीर्षात देवाचं सहा दिवसांचं नवरात्र, सहाव्या दिवशी चंपाषष्ठी. त्या दिवशी वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि तळी. ताम्हणात पानसुपारी, खोबरं, भंडारा घालायचा आणि पाच जणांनी ते ताम्हण धरून येळकोट करत तीनदा वर उचलायचं. पिंपळमाळात पाळण्यातल्या पोराचासुद्धा हात त्या ताम्हणाला टेकवत. पण लढाईवरून आल्यापासून सहादेवचा हात काही त्याला लागला नव्हता. चंपाषष्ठीच्या दिवशी तो कोंबडं आरवायच्या आत घर सोडायचा. कधी वासरू हरवलेलं असायचं, कधी खर्ड्याला काम निघायचं, एकदा तर त्यानं जिवंत मामाला मारून त्याच्या मातीला जायचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत. तळी उचलायला थोरला भाऊ होता, भाऊबंद होते, त्यामुळं काही अडलं नाही. अशा सत्तावीस चंपाषष्ठ्या गेल्या. केशरबाई पहिल्यांदा भांडली, मग रडली, मग तिनं तो विषय चुलीत घातला.

पण त्या साली श्रावणात थोरला भाऊ वारला. आणि नवरात्राच्या पहिल्या दिवशी, देव बसवून झाल्यावर, सुपात बाजरी निवडता निवडता केशरबाई म्हणाली,

"आवो, यंदा षष्टीला कुटं जायचं न्हाई."

"खर्ड्याला बैल दावायचाय."

"बैल परवाच्या साली मेला. दुसरं सांगा."

केशरबाईनं खडे बाजूला टाकले.

"नवस हाय माजा. पोराचा पाच म्हैनं कागद न्हवता आला, ध्येनात हाय का? तुमी भिंतीला बसून खेचराच्या गोष्टी सांगत हुता. म्या देवळात गेले. म्हनलं, मल्हारी, माजं लेकरू घराला येऊ दे, बाप-लेक एका ताम्हनाला हात लावून तुजी तळी उचलत्याल. साव्या दिशी कागद आला."

"मला इचारलं हुतं?"

"तुमाला इचारलं असतं तर तुमी खर्ड्याला गेला असता."

सहादेव बाहेर ओट्यावर येऊन बसला. कोंबड्या जमल्या, पण त्याचा हात खिशाकडं गेला नाही. तळी उचलली नाही तर नवस मोडतो, आणि मोडलेला नवस पोराच्या अंगावर येतो. उचलली, तर ज्या हातानं उचलायची तो हात कसला आहे हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. देवाला तर होतंच. मग तेही पोराच्याच अंगावर. पोरगा तिकडं गोठ्यापुढं शीळ घालत गाईला पाणी पाजत होता. चांगला पाच वर्षं लढाईतून सुखरूप आलेला, आणि इथं बापाच्या दोन हातांत सापडलेला.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर पोरांची पाळी होती. छगननं इटलीतल्या एका म्हातारीची गोष्ट सांगितली, तिनं त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं आणि जाताना त्याचे बूट ठेवून घेतले. हसून झालं. मग छगननंच गोरक्षला कोपर मारलं.

"तू बी सांग की गोरख्या. बापाची खेचरं लई ऐकली, आता तुजी सोड."

गोरक्ष बोलका नव्हता. टोपी गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "आमची मुकी हुती."

"सगळीच मुकी असत्यात लेका, मानसागत बोलतंय का खेचर?"

"तसं न्हवं. रानात जपान्याला आवाज जाऊ नये म्हनून डाक्टर त्यांचा आवाज काढून घ्यायचा. सुई द्यायची, आडवं पाडायचं, घशातनं कायतरी कापायचं. म्या डोकं धरायचो. जवळ बलवायला मुठीत गूळ घ्यायचो. मुठीला लागून यायची बिचारी." त्यानं गुडघ्यावरची टोपी फिरवली. "मंग उटल्यावर तोंड उघडायची, मान वर करायची, पोट आत-बाहेर व्हायचं, आन आवाज न्हाई. सांजच्याला सगळी एकदम तशी करायची. चाळीस खेचरं. तुमी कवा बगितलं न्हाई तसं."

पुंजारामनं मिशीवरून हात फिरवला आणि आजाचं काबूल काढायला तोंड उघडलं, पण रंगनाथनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सहादेव पोराकडं बघत होता. पोरगा आल्यापासून त्यानं त्याला खेचरांविषयी एक शब्द विचारला नव्हता. कायदाच तसा होता ना. आता मुठीतल्या गुळाचं ऐकून त्याच्या स्वतःच्या तळहाताला मुंग्या आल्या. तो उठला आणि कोंबड्यांना हुलगे न टाकताच घरी गेला. कोंबड्या निम्म्या वाटेपर्यंत ओरडत गेल्या.

चंपाषष्ठी उजाडायच्या आत सहादेव दरसालच्या सवयीनं उठला. म्हणजे सत्तावीस वर्षांच्या. कोपऱ्यात हात घातला तर वाहाणा नाहीत. ओसरीत पाहिलं, गोठ्यात पाहिलं, उतरंडीमागं पाहिलं. काठीही नाही. नेसतं एक धोतर सोडून दुसरं बादलीत भिजत पडलेलं. केशरबाई चुलीपुढं पाठमोरी बसून वांगी भाजत होती. सगळ्या घरात वांग्याच्या करपलेल्या सालीचा वास.

"आगं, माज्या वाहाना कुटं हायेत?"

"कुत्र्यानं न्हेल्या असत्याल."

"दोनी?"

"हावरं कुत्रं हाय."

तुर्कांच्या मुलखात अनवाणी चालून सहादेवचे तळवे गेले होते. सराट्यांच्या रानात वाहाणांशिवाय त्याला चार पावलं चालवत नसे, हे ज्या बाईनं त्या तळव्यांना सत्तावीस वर्षं एरंडेल चोळलं तिला माहीत नसेल तर कुणाला? तो तसाच निघाला. वेशीपर्यंत गेला. वेशीपलीकडं वाटेवर सराटे पसरलेले. तिथून वळून, दगड चुकवत चुकवत, तो पलटणीच्या भिंतीपाशी येऊन बसला. ऊन नुकतं दगडावर आलं होतं.

एकेक जण आला. सणाचा दिवस, रंगनाथनं सगळ्यांच्या दाढ्या करायच्या म्हणून धोकटी आणली होती. पुंजाराम कोटावर बिल्ला लावून, तट्टावर बसून आला. हे तट्टू पांढरं, म्हातारं आणि इतकं रोड, की पुंजाराम त्यावर बसला की कोण कुणाला नेतंय ते लांबून कळत नसे. शेवटी छगन आणि गोरक्ष आले. बापाला तिथं अनवाणी बसलेला बघून गोरक्ष म्हणाला, "दादा, आईनं बलीवलंय. तळीची तयारी चाललीया."

"बस हितं," सहादेव म्हणाला.

गोरक्ष बसला. पुंजारामचं तट्टू सवयीनं सहादेवकडं आलं आणि त्याच्या खिशाला नाक लावलं. सहादेवनं हुलगे काढले, त्याला चारले, हात धोतराला पुसला आणि सांगायला लागला. एका दमात, खेचराच्या गोष्टी सांगतो तसाच, खाली बघून.

"कुतमंदी शेवटाला जवाचं पीठ मिळायचं. मूठभर. त्यात निम्मा कोंडा. आमी नदीकडंचा पाला आनून शिजवायचो, एक दोगं त्यानंच मेली. जनावराला तर कायच न्हवतं. घोडी एकमेकाची शेपटं खायची. मंग सायबानं हुकूम काढला, घोडी कापा आन खा. गोरं खायाला लागलं. आमच्यातलं कोन खायना. हिंदुस्थानातनं तार आली म्हनं, शास्त्र्याची, मौलवीची, की चालतंय खाल्लं तरी. तरी आमी खायना. माज्या हिरड्या सुजून दातावर आल्या. सांज झाली की दिसायचं न्हाई. माजी चिमनी न्हेली. म्या तिकडं तोंड करून बसलो. न्हाई खाल्लं."

त्यानं तट्टाच्या कपाळावरून हात फिरवला.

"मंग एक दिस एका सायबाचं घोडं न्यायची पाळी आली. पांढरं हुतं. हाडं निघाल्याली पर ताठ. कुनाला हात लावू दीना. सायेब पाठ करून हुबा. जमादार मला म्हनला, ड्राबी, तुजं ऐकतंय जनावर, तू आन. म्या लांबनं मूठ पुडं केली, चंदीचं दानं हाय असं दावून. मुठीत काय न्हवतं. आलं ते. माजी मूठ हुंगत हुंगत कसायाच्या पालापतोर आलं. तितं ग्येल्याव म्या मूठ उघाडली."

तट्टानं पुन्हा त्याच्या खिशाला नाक लावलं. त्यानं ते हळूच बाजूला केलं.

"तिसऱ्या दिशी म्या खाल्लं. त्येच. कितिंदा तरी खाल्लं. पांढरं घोडं म्हंजी कुनाचं, तुमाला ठाव हाय. ह्या हातानं बलीवलं, ह्याच हातानं खाल्लं. आता ह्यो हात मल्हारीच्या ताम्हनाला कसा लावू? न्हाई लावला तर पोराचा नवस मोडतोय. सांगा."

आधी तोंड उघडलं छगननं.

"नाना, एक इचारू? लागतं कसं?"

"छगन्या!" गोरक्ष ओरडला.

"ग्वाड," सहादेव म्हणाला. "ग्वाड लागलं. तेच तर."

छगननं सिगारेट विझवली आणि कानावर ठेवली. "मंग माजंबी ऐका. इटलीत आमाला डबं मिळायचं. आत मटान. डब्यावर इंग्रजीत लिवल्यालं असायचं कशाचं हाय ते. पलटनीत मास्तर इंग्रजी शिकवायचा, फुकाट. समदी पोरं शिकली. म्या शिकलो न्हाई. मुद्दाम. वाचाया आलं असतं तर उपाशी मेलो असतो."

रंगनाथ वस्तऱ्याला धार लावत होता. तो मान न उचलता म्हणाला, "मला इचारूच नका. हजामत करताना तोंडाला तोंड लागतं. मिसरात कोन काय खातंय, कोन काय पितंय, मला वासावर कळायचं. सुभेदारापासनं खाली, समद्यांचं. हवालदारापतोर."

पुंजाराम ताडकन उठला. त्याचा चेहरा मिशीच्या मुळापासून लाल झाला होता. त्यानं सहादेवकडं पाहिलं, रंगनाथकडं पाहिलं, कोटावरचा बिल्ला सारखा केला आणि तट्टाचा लगाम धरून, त्यावर न बसताच चालता झाला.

"गेला. आता दुपारच्या आत गावभर व्हतंय," सहादेव म्हणाला.

"होऊ द्या की," गोरक्ष म्हणाला. "दादा, माज्या मुठीत गूळ हुता. यवढाच काय त्यो फरक. काम तर त्येच केलं म्या."

"गूळ हुता ना? मंग फरक हाय. लई फरक हाय पोरा."

भिंतीच्या कोपऱ्यामागून बांगड्या वाजल्या. केशरबाई पुढं आली. तिच्या एका हातात सहादेवच्या वाहाणा होत्या, दुसऱ्या हाताला वांग्याची काळी साल चिकटलेली. ती कधीपासून तिथं उभी होती कुणास ठाऊक. पलटणीच्या भिंतीपाशी बायामाणसं कधी येत नसत, म्हणून रंगनाथनं घाईघाईनं धोकटी आवरली. केशरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं बघत राहिली.

"घोडं?" ती म्हणाली. "घोडं हुतं व्हय?"

सहादेवनं मान हलवली.

"सत्तावीस वरसं," केशरबाई म्हणाली, "दर षष्टीला मला वाटायचं, खर्ड्याला सवत हाय. किल्ल्यापाशी ऱ्हाती. म्या तिला नावसुदिक ठेवलं हुतं."

"काय नाव?" छगननं विचारलं.

"तुला काय करायचंय मुडद्या?" तिनं वाहाणा सहादेवच्या पायांपुढं टाकल्या. "तिच्या मायला, सत्तावीस वरसं म्या त्या सटवीला शिव्या दिल्या, आन निगालं घोडं. मंग जायचा कुटं तुमी?"

"किल्ल्याच्या खंदकात बसायचो. उपाशी."

"दिसभर?"

"रात बी."

केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती हसत होती की काय, ते पदरामुळं समजलं नाही. मग ती पदर खाली करून, बाजारात भाव ठरवावा तशा आवाजात म्हणाली,

"आता माजं ऐका. देवाचं घोडं देवाजवळ हाय. जेजुरीला हाय. ते काय कुतला गेल्तं? तुमी खाल्लं ते सायबाचं. सायबानं मागितलं तर बगू. आन सायेब तर आता मुलूख सोडून चालला म्हनत्यात, त्येला सवड न्हाई. वाहाना घाला. भरीत निवतंय."

"मल्हारीला काय सांगू?"

"तितं जाऊन खरं सांगा. सत्तावीस वरसं ह्या बाईला सांगितलं न्हाई, निदान त्येला सांगा. पोराला काय व्हायचं असतं तर बर्म्यात झालं असतं. तितं जपानी हुतं, हितं तुमी हाय."

सहादेवनं वाहाणा घातल्या.

दुपारी सूर्य डोक्यावर आला तेव्हा ओसरीत घोंगडी अंथरली होती. मधोमध ताम्हण. पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा. सहादेव, गोरक्ष, छगन, रंगनाथ घोंगडीवर बसले. नवरा ऐनवेळी निसटला तर हसं नको, म्हणून भाऊबंदांना केशरबाईनं यंदा सांगितलंच नव्हतं. चौघे झाले. तळीला विषम माणसं लागतात, तीन, पाच, सात. चार चालत नाहीत.

"म्या उठतो," रंगनाथ म्हणाला. "तिगं उचला."

"बसा," केशरबाई म्हणाली. "वाईच दम धरा."

कशासाठी दम धरायचा ते तिलाही माहीत नसावं. सहादेव ताम्हणाकडं बघत होता, पण हात मांडीवरच होते. बाहेर कोंबड्यांनी कालवा केला आणि पाठोपाठ टापा वाजल्या. चार टापा, त्यातली एक ओढत पडणारी. पुंजाराम हवालदार दारात आला. बिल्ल्यासकट. कपाळाला भंडारा फासलेला, म्हणजे देवळात जाऊन आला होता. आत येऊन, पायातले चढाव काढून, तो घोंगडीपाशी उभा राहिला.

"सरका," तो म्हणाला.

रंगनाथ सरकला. पुंजाराम मांडी घालून बसला आणि ताम्हणाच्या काठाला हात लावला. मिसरात त्यानं काय खाल्लं, प्यालं, का काहीच नाही, हे तो बोलला नाही. त्यानंतर दहा वर्षं जगला, तरी बोलला नाही. आणि कुणी विचारलंही नाही. भिंतीचा कायदा ओसरीतही लागू होता.

"ड्राबी," तो म्हणाला, "हात लाव की. बगतूस काय?"

सहादेवनं उजवा हात उचलला. तळहात एकदा स्वतःच बघितला. मग ताम्हणाला लावला. त्याच्या शेजारी गोरक्षचा हात आला, तसाच रुंद, अंगठ्यापाशी तसाच लगामाचा घट्टा पडलेला. पुंजारामनं परेडवर हुकूम द्यावा तसा आवाज काढला, "बोला, सदानंदाचा..." आणि पाचही जणांनी "येळकोट!" म्हणत ताम्हण वर उचललं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा छगननं जास्तच जोर लावला आणि निम्मा भंडारा रंगनाथच्या टकलावर सांडला. केशरबाई भिंतीला टेकून उभी होती. ती हात जोडायचे विसरली आणि मग घाईनं दोनदा जोडले.

जेवायच्या आधी रोडग्याचा पहिला घास देवाच्या कुत्र्याला आणि घोड्याला द्यायचा असतो. कुत्रं दारात बसलेलंच होतं. घोडं म्हणून एरवी पिंपळमाळात लोक अंगणात नुसता तुकडा टाकत, कारण घोडं असायचं कुणाकडं? आज पुंजारामचं तट्टू होतं. सहादेवनं गरम रोडग्याचा तुकडा मोडला, गूळ लावला आणि मुठीत धरून अंगणात गेला. तट्टानं लांबूनच कान टवकारले आणि त्याची मूठ हुंगत हुंगत दोन पावलं पुढं आलं. सहादेवनं लगेच मूठ उघडली. इतकी लगेच, की तुकडा खाली पडला आणि लंगडी तलंग तो घेऊन पळाली.

"घ्या आता!" पुंजाराम ओसरीतून म्हणाला.

सहादेव आत आला, दुसरा तुकडा घेतला, गूळ दुप्पट लावला, आणि या वेळी नीट, उघड्या तळहातावर ठेवून तट्टाच्या तोंडाशी धरला. तट्टानं तो खाल्ला आणि नंतर बराच वेळ त्याचा तळहात चाटत राहिलं. त्यानं हात काढून घेतला नाही. जेवायला सगळे थांबले होते, भरीत गार झालं, केशरबाई दोनदा खाकरली, तरी नाही.

पुढच्या साली, राज्य बदललं, साहेब गेला, आणि चंपाषष्ठी पुन्हा आली. सहादेव आदल्या दिवशी स्वतः देवळात जाऊन भंडारा घेऊन आला होता. भाऊबंदांना निरोप दिले होते, पुंजारामला तट्टासकट बोलावलं होतं. कुठं जायचा प्रश्नच नव्हता.

तरी पहाटे उठून बघतो तर वाहाणा जाग्यावर नाहीत.

"आगं, आता कशाला?"

केशरबाईनं चुलीत वांगं उलटलं.

"असू द्या," ती म्हणाली. "तुमचं काय सांगावं."